कोरडी फरशी

अक्काला त्या बायका दिसू लागल्या तेव्हा मला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. अक्का माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती कुंभकोणमला माझ्याकडे राहायला आली. घरात आम्ही दोघंच.

भर दुपारी तिला झोपाळ्यावर तीन बायका बसलेल्या दिसत. ओल्या लुगड्यांत, गप्प.

"फरशीवर पाणी गळतंय, पूस रे."

"अक्का, तिथं कोणी नाही गं."

पहिल्यांदा असं म्हणालो तर ती रडली आणि ताटावरून उठली. मग मी कोरडी फरशी पुसू लागलो. दिवसातून तीनदा, चारदा. कंबर धरायची, पण वाद घालण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

तंजावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, यात नसलेली माणसं दिसतात. ती का दिसतात हे शोधायला त्या अशा रुग्णांच्या मेंदूचं स्कॅनिंग करत होत्या. "यानं अक्का बऱ्या होणार नाहीत," त्या आधीच म्हणाल्या. "आम्हाला थोडं कळेल, एवढंच." अक्का हो म्हणाली. मीही सही केली.

स्कॅनच्या दिवशी अंगावर धातू चालत नाही म्हणून तिच्या नाकातल्या चमक्या काढायला अर्धा तास गेला. साबण लावून, फिरवून फिरवून. ती कण्हत होती, माझे हात घसरत होते. शेवटी यंत्राच्या खोलीत गेलो, तर अक्का यंत्रात सरकवायच्या फळीपाशीच थबकली.

"इथं त्यांतली एक निजलीय. सगळं ओलं केलंय."

तंत्रज्ञ तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, रिकामंच आहे, झोपा." अक्का मागे सरली. मी खांद्यावरचा पंचा काढला, रिकाम्या फळीकडे पाहून म्हणालो, "बाई, तुमचं झालं, उठा आता," आणि फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. तंत्रज्ञ दुसरीकडे पाहू लागला. मला लाज वाटली नाही. लाज वाटायलाही अंगात जोर लागतो. अक्का निमूटपणे निजली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. मेंदूचा मागचा भाग, जिथं दिसण्याचं काम चालतं, तिथं रक्त कमी पोचत होतं. पडद्यावर तेवढाच भाग निळा, मंद. मी बराच वेळ पाहत राहिलो. त्या बायका तिथं कुठेच नव्हत्या.

एक गोळी बदलली. बायका तिनाच्या दोन झाल्या, मग पुन्हा तीन.

वर्षानं दवाखान्यातून फोन आला, दुसऱ्यांदा स्कॅन करायचं का? नाही म्हणावं असं फार वाटलं. तरी सकाळी अक्काचं चित्त ठिकाणावर असताना विचारलं.

"जाऊ की," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "पण या खेपेला तू बाहेर बस. फार दमलास रे."

मी गाडी सांगितली.