आण्णांच्या नावानं लिहिलेली तीन वाक्यं

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, होस्टेलच्या एका खोलीत ज्याच्याबरोबर चार वर्षं काढली त्या मित्राला नाही. काल सकाळी पहिल्यांदा आमच्या ग्रुपवर सात-आठ ओळींत लिहिलं, आणि दुपारी मला भूक लागली. खरीखुरी, पोटभर जेवावं अशी भूक. कितीतरी दिवसांनी. पण सात-आठ ओळींत ते सगळं मावलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

कुठून सुरू करू? ग्रुपपासूनच करतो.

आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. पाणी कमी, तरी द्राक्षबागा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. कृषी पदवी घेतली, साताऱ्याला शिकवण्याची नोकरी लागली. आण्णा — माझे वडील — चौथी शिकलेले. मी शिकावं म्हणून त्यांनी काय काय सोसलं ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते माझ्या बाजूनं बोलल्यासारखं होईल, आणि तसं मला करायचं नाही.

नोकरी लागल्यावर मी मोबाइलवर बागायतदारांचा एक ग्रुप काढला. गावाचं काहीतरी देणं लागतो, ही भावना खरी होती. तीनशेवर माणसं झाली. सुरुवातीला नुसता गोंधळ. पहाटेपासून फुलांची चित्रं, सुविचार, कुणाच्या तरी वाढदिवसाला दोनशे शुभेच्छा, आणि त्यात कुठेतरी बुडालेला एखाद्याचा प्रश्न — पानावर पिवळे डाग आलेत, काय करू? उत्तर देणाऱ्यांचं तर विचारूच नका. एकानं अंधारात काढलेला फोटो टाकला, तर दुसरा म्हणाला, "आवं, ही बाग हाय का म्हसरं?" सगळे हसले. ज्यानं विचारलं होतं तो पुन्हा कधी बोलला नाही.

म्हणून मी नियम लिहिले. मन लावून लिहिले. प्रश्न विचारताना छाटणीला किती दिवस झाले ते सांगा, आधी काय फवारलं ते लपवू नका. फोटो उजेडात काढा. प्रश्नाला हसू नका, तुम्हाला सोपं वाटतं ते समोरच्याला अडलेलं असतं. मुद्द्याशी भांडा, माणसाशी नको. स्वतः करून पाहिलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. चुकलं तर मेसेज पुसू नका, खाली 'चुकलं' असं लिहा. आणि आपल्या नावानंच बोला.

लोकांना ते आवडले. लोणंदच्या कांदेवाल्यांच्या ग्रुपनं ते जसेच्या तसे उचलले. पुढे ते कुठे कुठे फिरले मला माहीत नाही. अजूनही मला कुणीतरी माझेच नियम पाठवतं — 'वाचण्यासारखे आहेत' म्हणून.

आता ते सांगायला हवं, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे.

आण्णांना मोबाइल मीच घेऊन दिला होता. ते फोटो बघायचे, कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर ऐकायचे. लिहिलेलं वाचत नसत. बागेचे फोटो मला सहज मिळावेत म्हणून त्यांचं खातं मी माझ्या कॉम्प्युटरवरही जोडून ठेवलं होतं. म्हणजे साताऱ्यात बसून मला त्यांच्या नावानं लिहिता येत होतं. येत होतं — आणि मी लिहिलं.

पहिल्यांदा नुसता अंगठा. मी एक उत्तर दिलं होतं आणि खाली कुणी काहीच बोलेना. ग्रुपवर माझी ओळख 'पुस्तकवाले सर' अशी होती, त्यात थोडी चेष्टाही होती. माझी स्वतःची बाग कुठे होती? आण्णांना मात्र पंचक्रोशीतली माणसं मोटारसायकलवर बसवून आपली बाग दाखवायला न्यायची. मी त्यांच्या नावानं माझ्याच उत्तराखाली अंगठा टाकला. पाच मिनिटांत आणखी अकरा अंगठे आले. किती सोपं होतं! मग कधी 'बरोबर' असा एक शब्द. मग कधी 'मी बी ह्येच करतो' असं वाक्य. कॉलेजात गेल्यावर माझ्या ज्या गावच्या बोलीला सगळे हसले आणि मी ती धडपडून सोडली, ती खोटं बोलायला मात्र मला बिनचूक आठवत होती.

आणि मग सुशीलाकाकू.

काकू मिरजेकडच्या. जैन घर, दिवस असतानाच जेवणं उरकायची, आणि मग निवांतपणे त्या ग्रुपवर यायच्या. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी एकटीनं बाग सांभाळलेली. कमी लिहायच्या. त्या वर्षी बागा फुलोऱ्यात असताना पाऊस झाला आणि सगळे घाबरले. मी लिहिलं की अमुक दोन औषधं एका टाकीत मिसळून फवारा, वेळ वाचेल. काकूंनी खाली लिहिलं, "सर, फुलोऱ्यात ती दोन एकत्र नको. मी एकदा करून बसले आहे. फुलोरा करपतो. एक दिवस मध्ये सोडून वेगवेगळं मारा."

किती नीट लिहिलं होतं बघा. माझ्या प्रत्येक नियमाला धरून. मुद्द्यावर बोलल्या, स्वतःचा अनुभव सांगितला, मला 'सर' म्हणाल्या.

मी पुस्तक उघडून पाहिलं का? नाही. मला फक्त एवढं दिसलं की तीनशे माणसांसमोर एका दहावी न झालेल्या बाईनं माझं उत्तर खोडलं. मी आण्णांचं खातं उघडलं आणि लिहिलं — "पोरगं बरोबर बोलतंय. आमच्या बागंत आमी हेच मारलंय, कायबी झालं न्हाई. बाईंनी उगं माणसांस्नी भ्या घालू नये."

आमच्या बागेत तसं काही मारलेलंच नव्हतं.

थोड्या वेळानं काकूंनी त्यांचा मेसेज काढून टाकला. खाली लिहिलं, "आण्णा म्हणतात तर माझंच कायतरी चुकलं असेल. माफ करा." त्यानंतर त्या ग्रुपवर होत्या, पण बोलल्या नाहीत. त्यांना गप्प करायला मला तीन वाक्यं लागली.

त्याच दिवाळीला मी गावी आलो. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात सुभेदारकाका आले. आमच्याच गावचे, मिलिटरीतून निवृत्त होऊन बाग लावलेले. आण्णांचा शब्द त्यांना ऑर्डरसारखा. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी एक घड काढून आण्णांच्या पुढ्यात ठेवला. तपकिरी पडलेला, हात लावला की झडणारा.

"अर्धी बाग अशी झालीया आण्णा," ते म्हणाले. "तुमी ग्रुपवर लिवलं, म्हणून दोन्ही एका टाकीत घातली."

आण्णांनी घड हातात घेतला. फिरवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हा काय करत होतो सांगू? उठलो होतो. "चहा आणतो" म्हणून आत निघालो होतो. उंबऱ्यावर असताना आण्णांचं उत्तर ऐकलं.

"व्हय सुभेदार. चुकलं माझं."

सुभेदारकाकांनी रिकामी पिशवी घडी केली. मग म्हणाले, "माणसाचं चुकतंय वो. पण तुमचं चुकंल असं वाटलं न्हवतं."

मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा ते गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी निघताना आण्णांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "ह्यो घिऊन जा. मला कुणाला काय सांगायचं असंल तर मी चालत जाऊन सांगीन." एवढंच. मी तो बॅगेत टाकला. एसटीत बसून त्यांचं नाव ग्रुपमधून काढलं. लोकांनी विचारलं, आण्णा का गेले? मी लिहिलं — वयोमानानुसार. आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. पुन्हा एक खोटं, तेही नमस्कारासकट.

त्यानंतर कुणी बाग दाखवायला बोलावलं तर आण्णा म्हणायचे, "मला काय कळतंय, पोराला इचारा." हळूहळू बोलावणी थांबली. दारात मोटारसायकल थांबायची बंद झाली. सात हंगाम असे गेले. ज्या माणसाच्या शब्दावर गाव फवारणी करायचं, त्याला मी त्याच्याच तोंडानं खोटं ठरवलं, आणि त्याच गावाला मी चांगल्या वागणुकीचे नियम शिकवत राहिलो.

गेल्या महिन्यात साताऱ्यात एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. विषय — ग्रुपवर कसं वागावं. बोललो. टाळ्या पडल्या. शेवटी एका तरुण शिक्षिकेनं सहज विचारलं, "सर, तुमच्याकडून कधी यातला एखादा नियम मोडला गेला का?"

मी म्हणालो, "नाही."

विचारसुद्धा केला नाही. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं तसं ते तोंडातून आलं. त्याचीच मला भीती वाटली. खोटं बोलताना आधी निदान घाम तरी येत होता.

परवा गावाकडे निघालो. उंब्रजला एसटी थांबली तेव्हा उतरून परतीची गाडी धरावी असं वाटलं, हेही कबूल करतो. उतरलो नाही.

आण्णा बागेत काड्या बांधत होते. मी शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"कवापास्नं?" — कितीतरी वर्षांनी मी त्यांच्याशी असं बोललो.

"सुभेदार घड घिऊन आला तवापास्नं. मी तर कायबी लिवलं न्हवतं. मग दुसरं कोण लिवणार?"

"मग बोलला का नाही?"

"तू बोलशील म्हटलं." त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "तू च्या आणायला गेलास."

मग म्हणालो, ग्रुपवर सगळं लिहितो.

"लिही. पण माझं कौतुक नगं लिवूस. 'चुकलं माझं' म्हणून मी बी सुभेदाराला खोटंच सांगितलं. त्येची बाग जळालेली, आन् मी माझ्या पोराची अब्रू राखत बसलो. ते बी लिही."

काल सकाळी बांधावर बसून लिहिलं. काय लिहिलं, कुणाच्या नावानं लिहिलं, सुशीलाकाकूंचं म्हणणं बरोबर कसं होतं, सुभेदारकाकांची बाग कुणामुळे गेली. आण्णांनी सांगितलेलंही लिहिलं. पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. 'गैरसमजातून' असा एक शब्द मी घातला होता, त्यांनी तो काढायला लावला. "कसला गैरसमज? तुला चांगलं समजत हुतं." काढला.

पाठवलं, आणि हात हलके झाले. विचित्र वाटेल, पण मला हसू येत होतं. ग्रुपवर काय काय आलं! एकानं लिहिलं, "सर, तुमचे नियम तुम्हालाच पाठवू का?" दुसरा म्हणाला, "आता हे तरी सरांनीच लिवलंय का वहिनींनी?" एक जण चिडून ग्रुप सोडून गेला. एकानं ॲडमिनपद सोडा म्हटलं. ते मी आधीच दोघा जणांकडे सोपवलं होतं. प्रत्येक ओळ वाचली. सगळं खरं होतं, आणि सगळं मलाच उद्देशून होतं. आण्णांना नव्हे.

अर्ध्या तासात सुभेदारकाका मोटारसायकलवर बांधापर्यंत आले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आण्णा, तुमी मला खोटं सांगितलं?"

"व्हय."

"लय वाईट केलंसा. सात वर्सं मी तुमाला एक शब्द इचारला न्हाई."

सुभेदारकाकांनी गाडी बंद केली नव्हती. मग म्हणाले, "बसा मागं. वरच्या तुकड्यात पानं वाकडी व्हायला लागल्याती. बघून सांगा."

आण्णा धोतर सावरून मागे बसले. दोघं गेले. मला कुणी बोलावलं नाही. बोलवायचं कारणही नव्हतं.

दुपारी आईनं भाकरी वाढली आणि मी जेवलो. दुसऱ्यांदा आमटी वाढताना तिनं विचारलंही नाही.

सुशीलाकाकूंनी मेसेज वाचला आहे. त्यांच्या नावासमोर तशी खूण दिसते. उत्तर आलेलं नाही. त्यांनी द्यावं असंही मी कुठे लिहिलेलं नाही. त्यांचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही तपासता आलं असतं, आणि मी त्यांना खोट्या नावानं गप्प बसवलं — एवढं आता तिथे तीनशे माणसांना दिसेल असं लिहून ठेवलं आहे.