आधी मालकानं बसायचं

दुसऱ्यांवर नजर ठेवायचं यंत्र विकून पोट भरणारा, आणि तरीही शेजाऱ्याच्या खिडकीसमोरून जाताना मान खाली घालणारा माणूस भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कोल्हापुरात टीव्ही दुरुस्त करता करता दोन हजार सालाच्या पुढेमागे मामांनी कॅमेऱ्यांची एजन्सी घेतली. कंपनी परदेशातली, तिथल्या सरकारच्याच मालकीची. मामांना त्याचा कोण अभिमान. "सरकारी माल हाय पावणं, फसवणूक न्हाय," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत. कॅमेरा बसवून झाला की त्याला हात जोडून "रामराम" म्हणत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "जावईबापू, पलीकडं माणूसच बसल्याला असतोय की. ओळख न देता कसं जायचं?"

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच. कॅमेरा कुठेही लावायचा असो, पहिला तासभर तो मालकाच्या खुर्चीवर रोखलेला असे आणि ते चित्रण मालकाला बसून बघावं लागे. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं हातची गेली. उचगावच्या एका कारखानदाराला, कामावरच्या बाया जिथं डबा खातात तिथं कॅमेरा हवा होता. मामांनी आधी त्यालाच बसवलं. त्या तासात तो गृहस्थ दोनदा पेंगला, एकदा त्यानं नाकात बोट घातलं आणि टेबलाच्या खणातून काढून मूठमूठ चिवडा खाल्ला. चिवडा डॉक्टरांनी बंद केलेला. हे सगळं त्याला बायकोच्या शेजारी बसून पडद्यावर पाहावं लागलं. बायांच्या जागेचा कॅमेरा त्यानं मुकाट्यानं फाटकावर लावून घेतला.

मग काही वर्षांनी एका सकाळी पेपरात आलं, की त्या देशात हेच कॅमेरे एका जमातीच्या गल्लोगल्ली लावलेत. कोण प्रार्थनेला गेलं, कोण कुणाच्या दारात थांबलं, सगळ्याची नोंद होते आणि त्यावरून माणसं घरातून उचलली जातात. शिवाय इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांतलं इथलं चित्रही तिकडे दिसत असावं, अशी शंका होती. मामांनी चहा तसाच ठेवला. दिवसभर जेवले नाहीत. कंपनीचा माणूस समजूत घालायला आला. "मामा, तुम्ही आपला धंदा बघा," म्हणाला. मामा म्हणाले, "त्योच आजवर बघितला न्हवता की."

एजन्सी गेली तर म्हातारपणी पुन्हा टीव्हीची खोकी उघडावी लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी स्कूटर काढून ते पेठ वडगावपासून पन्हाळ्यापर्यंत दारोदार फिरले, मागे मी. प्रत्येक ठिकाणी एकच बोलणं: "ह्यातनं कोण बघतंय, मला आता छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाय. काढू का?" लोक हसायचे. "आमच्यात बघण्यासारखं काय हाय, मामा?" म्हणायचे. "काढा" म्हणाला तो फक्त उचगावचा कारखानदार. "तासभर बसलोय की मी त्येच्यासमोर," एवढंच बोलला. शिडीवर चढलेल्या मामांचे डोळे भरून आले होते, आणि पेचकस काही केल्या पेचात बसेना.

एजन्सी गेली. मामा पुन्हा टीव्ही उघडू लागले, आणि दोन वर्षांनी मामाही गेले. मला त्यांची फार आठवण येते. नंतर एकदा औषधाच्या दुकानात वर कॅमेरा दिसला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. पलीकडे कोण बसलं होतं कुणास ठाऊक. मामा नव्हते.