मावशीच्या हाताला लागलेली हळद

हे माझ्या बायकोला माहीत नाही. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, माहीत नाही. कंपनीत ज्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं डबा खाल्ला, त्यालाही नाही. सांगायला म्हणून तोंड उघडलं की जीभ आपसूक दुसरीकडंच वळायची. पाऊसपाणी, पोरांची शिक्षणं, काहीही. आता लिहितोय. जिभेचा भरवसा नाही, हाताचा आहे का ते बघू.

गळती शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. वाळूजच्या एका कारखान्यात मी त्याच खात्यात आहे. तयार झालेल्या इंजिनाच्या पार्टची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि कुठून बुडबुडा उठतो ते बघत राहायचं. सुईच्या टोकाएवढा बुडबुडासुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही, असं सगळे म्हणायचे. नात्यातही म्हणायचे. कुणाची टाकी पाझरायची, कुणाचा मोटारपंप ठिबकायचा — बोलवा त्याला. मला ते आवडायचं. लई आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यापायी झालं. नाही — 'झालं' नको. केलं. मी केलं.

तेव्हा मी नवी नवी गाडी घेतली होती. नवी म्हणजे मला नवी. तिच्या आधीच्या मालकानं तिला चांगलीच पळवलेली. घराण्यातली पहिली मोटार. क्रांती चौकातून वळताना उगाच काच खाली करून हात बाहेर ठेवायचो, ओळखीचं कुणी दिसावं म्हणून.

एक दिवस सकाळी गाडीखाली ओल दिसली. बोट लावलं, वास घेतला. तेल नाही. इंजिन गार ठेवणारं पाणी, कूलंट. मग काय, मला चेवच आला. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी डाग कुठं पडतो ते बघितलं. रबरी पाईप एकेक करून फडक्यानं कोरडे केले, क्लिपा आवळल्या. पंपाखाली हात घालून बघितलं — कोरडा. गाडी तापवली, आरसा धरून रेडिएटरच्या खाली डोकावलो, आणि डाव्या कोपऱ्यात, जिथं पत्र्याचा सांधा असतो, तिथं पाणी वाळून पांढरे ओघळ उमटलेले दिसले. बघता बघता एक थेंब तिथं जमला, फुगला, पडला. काय आनंद झाला मला! खरं सांगतो, गाडी बिघडल्याचं दुःख नाही, थेंब सापडल्याचा आनंद.

आता सरळ उपाय एकच. रेडिएटर काढायचा आणि झाळून आणायचा. पण दुसऱ्याच दिवशी दाजी गाडी न्यायला येणार होते. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. घराणं मेंढपाळांचं, त्यांच्या वडलांपर्यंत मेंढरांमागं रानोमाळ फिरलेलं, दाजींच्या वेळी शेती आणि ट्रॅक्टर आला. त्यांच्या थोरल्या लेकीला मुलगा झाला होता, पैठणच्या पलीकडच्या गावात. पणतू बघायला दाजींच्या आईला न्यायचं होतं. तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. 'माझी गाडी न्या की,' असं मीच चार माणसांत, मोठ्या तोंडानं म्हणून बसलो होतो. आता 'गाडी गळते' असं कसं सांगायचं? गळती पकडणाऱ्याचीच गाडी गळते — हसले नसते का सगळे? नुसते हसले असते. एवढंच होतं हो. नुसतं हसणं.

आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा एक इलाज आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ती पाण्याबरोबर फिरते, फटीत जाऊन बसते, फुगते आणि गळती थांबते. गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते आणि मग इंजिन तापतं. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या खात्यात परत आलेला, असा तापून वाकलेला माल मी डोळ्यांनी बघितलेला. तरी बायको शेजारी गेल्याचं बघून डब्यातली हळद काढली आणि ओतली. थोडी नाही. खात्री व्हावी म्हणून भरपूर. सकाळी पुठ्ठा कोरडा.

दाजी आले. गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारून बघितली.

"पाव्हणं, गाडी कशी हाय? म्हातारी संगं हाय, मधीच बसली तर मला पाठुंगळी घिऊन चालावं लागंल तिला."

"दाजी, एक थेंब निघाला तर माझं नाव बदला."

"नाव कशाला बदलता? गाडी बदलू की तुमची," म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर खदखदून हसत निघून गेले.

एक वाक्य पुरेसं होतं. गाडी तापल्याचा काटा चढला तर थांबा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. पण ते बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, 'का बरं? गळती हाय का काय?' म्हणून नाही बोललो. 

दुपारी कंपनीत फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का गावाहून माझ्या आधीच आलेली. झालं होतं ते असं. बिडकीनच्या पुढं गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली. दाजी ट्रॅक्टरवाले, त्यांना वाटलं पाणी कमी झालं. पाच मिनिटं थांबले आणि फडकं धरून झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर उडालं. मावशीनं पदरानं, हातानं लेकाचं तोंड पुसलं. एका टेम्पोवाल्यानं दोघांना शहरात आणून सोडलं.

आणि आता मी जिथं अजून अडकून पडलोय ते.

दाजी आत होते. दारात मावशी उभी. तिचे तळहात पिवळे. पदर पिवळा. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या चिडूनच.

"भाजलेल्या डोळ्यावर हळद कुणी लावली? भाजी करायला टाकली होती का? डोळ्यात कण गेलेत सगळे!"

मावशी म्हणाली, "म्या न्हाय लावली वो बाई."

"मग हात बघा तुमचे!"

तिनं हात बघितले. पालथे केले, पुन्हा उताणे केले. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

गावात मावशी म्हणजे घरगुती औषधाची बाई. पोर पडलं, कुणाला खरचटलं, की मावशीकडं. कमरेच्या चंचीत तंबाखूशेजारी हळदीची पुडी कायमची. अक्कानं रडत रडत त्या चंचीत हात घातला आणि पुडी बाहेर काढली. "आत्याबाई, खरं सांगा ना! कुणी मारतंय का तुमाला? ही काय हाय मग?"

पुडी सगळ्यांनी बघितली. पुडीला गुंडाळलेला दोरा मी बघितला. गाठ तशीच होती. पुडी सोडलेलीच नव्हती. बुडबुडा हेरणारी माझी नजर, तिनं तो दोरा पहिल्या क्षणात टिपला. म्हातारी खरं बोलतेय याचा पुरावा अक्काच्या मुठीत होता आणि तो वाचता येणारा तिथं मी एकटा होतो. पिवळं पाणी! ते रेडिएटरमधून आलंय — हे मला तेव्हा, त्या दारात कळलं. इतका वेळ मी समजत होतो की नुसतं गरम पाणी उडालं.

मग मी काय केलं? तोंड उघडलं. उघडलं ना! आत जाऊन दाजींना म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गरम गाडीचं झाकण उघडतात का, दाजी? एवढंही कळू नये?"

हे शब्द माझे आहेत. तोंडाला पट्ट्या बांधलेल्या माणसाला मी हे बोललो. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "चुकलं पाव्हणं. गाडी खराब झाली का वो तुमची?"

गाडी बघून येतो, असं सांगून मी तिथून निघालो. ती रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं टाकून उभी होती. रेडिएटरखालचा नळ सोडला, पिवळा गाळ मातीत गेला. जवळच्या ढाब्यावरून बादल्या आणल्या. पाणी ओतलं, सोडलं, पुन्हा ओतलं, स्वच्छ येईपर्यंत. इंजिनावरचे डाग पुसले. मातीतला पिवळा ओघळ बुटानं सारवला. तुम्हाला वाटेल, माझे हात थरथरत असतील. नाही. एखादं काम नीट करताना असतात तसे स्थिर होते. याचंच मला अजून नवल वाटतं — नवल कसलं, धडकी भरते. हळद टाकणारा माणूस मला कळतो. तो बढाईखोर होता. पण सारवणारा हा कोण होता? तिकडं एक म्हातारी 'म्या न्हाय लावली' म्हणत असताना हा इकडं बादल्या वाहत होता.

दाजींचा उजवा डोळा गेला. भाजल्यानं गेला की कणांनी, ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. पण गावाला नक्की पाहिजे होतं, आणि गावानं ठरवलं. हळदीनं गेला. म्हातारीच्या हातानं गेला.

वर्षभर मावशी भांडली. येईल त्याला सांगायची, "म्या न्हाय लावली रं." लोक मान डोलवायचे, मागं हसायचे. एकदा माझ्यासमोर, पारावर, पोरीला कडेवर घेतलेल्या एका बाईनं मुद्दाम पदर सावरत म्हटलं, "माय, हात नगं लावू बरं का लेकराला, मला तिचं दोन्ही डोळं पायजेत." सगळे हसले. मीही तिथं होतो. मी हसलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं.

त्यानंतर मावशीकडं कुणी पोर आणलं नाही. आणलं असतं तरी तिनं हात लावला नसता.

आणि मग पोळ्याला मी अक्काकडं जेवायला गेलो होतो. दाजी माझ्या उजवीकडं, एका डोळ्यानं अंदाज घेत ताटात चाचपत. मावशी चुलीजवळ. कुणी काही विचारलं नव्हतं, विषयही नव्हता. ती एकदम म्हणाली,

"लावली आसंल म्याच. जीव ठिकाणावर कुठं व्हता माजा. घाबरल्याली व्हते. लावली आसंल."

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. इतके दिवस तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. आपण काय केलं नाही, हे तिला माहीत होतं. तेही सुटलं. मी काही हिसकावलं नाही. नुसता गप्प बसलो, आणि तिनं आपण होऊन सोडून दिलं. अक्का म्हणाली, "जाऊ द्या आता, कबूल तर केलं." तिच्या आवाजात सुटका होती. मी घास गिळला. पुरणपोळी होती. मी आणखी एक मागून घेतली, कारण न मागितली तर विचारलं असतं.

नंतरही वेळा आल्या. त्या मोजत बसत नाही. शेवटची तेवढी सांगतो.

मावशी अंथरुणाला खिळली होती. मी भेटायला गेलो, पायाशी बसलो. दुपारची वेळ. तिनं दाजींना जवळ बोलावलं, आणि त्यांच्या गेलेल्या डोळ्यावर हात ठेवायला हात उचलला. पण तो मध्येच थांबला. ठेवला नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "मला माफ कर रं. माज्या हातानं गेला तुजा डोळा."

दाजींनी तिचा हात धरला. "आसू दे बाई," म्हणाले. "म्या कवाच माफ केलं तुला." ते आईला बाई म्हणायचे, ती त्यांना भाऊ.

मी तिथंच होतो. दोघांपासून हातभर अंतरावर. काहीही अडवत नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, पोलीस येणार नव्हते, गाडी तर कधीचीच भंगारात गेलेली. एक वाक्य. ती शुद्धीत होती, तिला ऐकू येत होतं. मी उठलो आणि बाहेर जाऊन अक्काला म्हणालो, "चहा टाक."

तिसऱ्या दिवशी मावशी गेली. लेकानं माफ केलं या समाधानात गेली, असं अक्का सगळ्यांना सांगते.

अक्का हे वाचेल. दाजींना आता जवळचं दिसत नाही. त्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवेल. म्हणून त्यांच्यासाठी सरळ लिहितो. दाजी, तुमच्या बाईनं हळद लावली नव्हती. ती पुडी सोडलेलीच नव्हती. हळद मी टाकली होती, गाडीत, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. बाई पहिल्या दिवशी बोलली ते खरं होतं. तिला माफ करण्यासारखं काही नव्हतं.