उरलेलं तेल

मोठ्या बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला होता. शाळेतून निवृत्त झाल्या तरी दरारा मुख्याध्यापिकेचाच. पण दोन पार्लरांनी रुमाल सुटताच नाकं मुरडून त्यांना वाटेला लावलं होतं. डोक्यावर खपल्या, कातडी लालबुंद, खांद्यांवर कोंडा.

"एवढंच ना?" केस कापणारी म्हणाली. "मला वाटलं, शिंगं लपवलीत!"

बाई चक्क हसल्या. त्या दिवसापासून दर आठवड्याला ती बोटांच्या पेरांनी, न खरवडता, त्यांना साधं खोबरेल लावायची. खपल्या मऊ पडल्या की डोकं धुवायची. डॉक्टरांचं औषध चालू होतंच. हळूहळू रुमाल घरी राहू लागला.

तेलात हात घालून तिची वर्षं गेली, पण तिच्या हाताला तेल कधी लाभलं नाही. उरलेलं ती गिऱ्हाइकाच्याच केसांच्या शेंड्यांना पुसायची आणि लगेच साबणाने हात धुवायची. व्हायचं तेच झालं. हातांची सालपटं निघाली, भेगा पडल्या. अतिशहाणपणा करून तिने दुकानातलं सुगंधी तेल चोळलं, तर नुसती आग आग झाली. डॉक्टरांनी मलम दिलं, वासाचं काही लावायचं नाही म्हणून दम भरला आणि वर म्हणाले, "हात सुधारले नाहीत, तर हे काम सोडावं लागेल."

तिला दुसरं काय येत होतं? शटर अर्धं ओढून ती रडत बसली होती, तेवढ्यात मोठ्या बाई वाकून आत शिरल्या.

"आज नाही जमणार, बाई."

"माझं डोकं राहू दे." त्यांनी तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल ओढलं आणि पर्समधून बाटली काढली. "हात पुढे कर."

शाळेत हे ऐकलं की भल्याभल्यांचा हात मागे जायचा. तिचाही गेला.

"पुढे कर म्हणते ना! साधं खोबरेल आहे. डॉक्टरांना विचारून आलेय."

अर्धं तेल बाईंनी स्वतःच्याच साडीवर सांडलं.

"पेरांनी लावा, बाई. चोळू नका."

"ठाऊक आहे. तूच शिकवलंस."

मग त्या रोज येत राहिल्या. मलम, तेल आणि बाईंची बोलणी, तिन्ही लागू पडली. भेगा मिटल्या. धुवायच्या वेळी हातमोजे आले.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पहिलं डोकं बाईंचंच होतं. तेल लावून झालं आणि उरलेलं पुसायला तिचा हात सवयीने शेंड्यांकडे गेला.

"अंहं," आरशातून बाई गरजल्या. "ते तुझं."

तिने दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले आणि तेल सावकाश जिरवलं.