वर न गेलेला हात

आमच्या ग्रुपात सहल ठरली की आधी क्लास व्हायचा. मिनेसोटाच्या थंडीला वैतागून आम्ही चार मराठी कुटुंबांनी मार्चच्या सुट्टीत कॅरिबियनमधल्या एका बेटावर जायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरकाकांनी लगेच रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काका आमच्यापेक्षा वयाने मोठे, पेशाने भूलतज्ज्ञ. अमेरिकेत येण्याआधी ते त्या बेटावरच्या इस्पितळात नोकरीला होते, त्यामुळे तो अख्खा देश आपल्या मालकीचा असल्यासारखे बोलायचे. ईडन प्रेरीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लागला होता. आमच्या मांडीवर कागदी प्लेटांत मसालेभात, आणि बाहेर गुडघाभर बर्फ.

काका शिकवायचे मात्र छान. तिथे गाड्या भारतातल्यासारख्या डाव्या बाजूने जातात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा. दुकानात शिरलात की आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, मग काय हवं ते मागा. नाहीतर उद्धट ठरता. संध्याकाळी पुळणीवर बारीक माश्या घोट्यांना चावतात, तेव्हा पाय झाका. उन्हाचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, "काका, मी नागपूरची आहे. मला कसलं ऊन सांगता?" ते म्हणाले, "नागपूरच्या उन्हात तू तासभर समुद्रात उभी राहायचीस का? पाण्यात असताना भाजलेलं कळत नाही. बाहेर आल्यावर कळतं." सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी एक स्लाइड लावली. छोटं पांढरं घर, अंगणात बांबूच्या काठ्यांवर लाल-पिवळे झेंडे. "हे आपल्याकडचेच लोक," काका म्हणाले. "यांचे पणजे पाच वर्षांच्या करारावर ऊस तोडायला आले. मुदत संपली की परत पाठवू, असं सांगून आणलं होतं. बहुतेक जण राहिले ते कायमचेच." बेसमेंटमध्ये सगळे हळहळले. माझ्या शेजारी बसलेला माझा नवरा म्हणाला, "बिचारे." त्याचं ते 'बिचारे' मला अजून ऐकू येतं.

कारण पाच वर्षं आमचीही ठरली होती. मी आईची एकुलती एक, बाबा आधीच गेलेले. लग्नानंतर निघताना नवऱ्याने आईच्या पाया पडून सांगितलं होतं, "पाचच वर्षं. मग तुमच्या शेजारीच घर बांधतो." पाच वर्षं कधीच उलटून गेली. आधी मुलगी झाली, मग घराचं कर्ज आलं. दरवेळी कारण नवीन, पण शब्द तोच राहिला. सिटिझनशिप घ्यायची नाही, पासपोर्ट भारताचाच ठेवायचा, हेही आमचं पक्कं होतं. बेसमेंटमध्ये टीव्हीचा, स्टिरिओचा, मिक्सरचा मूळ खोका आतल्या थर्मोकोलसकट जपून ठेवलेला होता, जाताना सामान भरायला. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच घरांत असे खोके असत. आमच्याकडे ते दर उन्हाळ्यात नवरा स्वतः पुसायचा. कोपऱ्याला ओल लागली तर टेप लावायचा.

"आता शेवटचं आणि महत्त्वाचं," काका म्हणाले. "अमेरिकन सिटिझन्सना तिथे व्हिसा लागत नाही. इंडियन पासपोर्टवाल्यांना लागतो. कोण कोण आहेत? हात वर करा."

मी हात वर केला. मागे आणखी एक जोडपं होतं, त्यांनीही केला. नवऱ्याने केला नाही. मला वाटलं, त्याचं लक्ष जेवणात आहे. मी कोपराने ढोसलं. "अरे, हात वर कर ना."

तो प्लेटकडे बघत राहिला. काकांची नजर एकेका हातावरून फिरली आणि त्याच्यावरून सरळ पुढे गेली. त्यांनी त्याला विचारलंही नाही. काकांना माहीत होतं. मी समोर माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं. या देशात माझं सख्खं म्हणावं असं ते एकच माणूस. ती खाली मान घालून भातातले काजू वेचत होती. नंतर कळलं की तिचा नवरा आणि माझा नवरा सिटिझनशिपची शपथ घ्यायला एकाच गाडीतून गेले होते आणि येताना पिझ्झा खाऊन आले होते.

घरी जाताना मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. लग्नानंतर वर्षभर मी त्याला 'अहो' म्हणायचे, मग ते सुटलं. त्या दिवशी मला एकदम 'अहो' आठवलं. परक्या माणसाला म्हणतात तसं.

"कधी?" मी विचारलं.

"मागच्या समरला."

"आणि खोके? ते तू त्याच उन्हाळ्यात पुसत होतास."

"अगं, खोक्यांचं काय त्यात? डिफेन्सचं प्रोजेक्ट होतं. सिटिझन नसेल तर प्रमोशन नाही. तुला सांगणारच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

हे तो अगदी समजूतदारपणे म्हणाला. माझं उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने प्रश्नच विचारला नव्हता. संताप असा आला की गाडीचं दार उघडून बर्फात चालत सुटावं. मी हीटर बंद केला, एवढंच.

सहल रद्द करायला मुलीने दिलं नसतं. गेलो. बेटाच्या विमानतळावर त्या दोघांची रांग वेगळी आणि माझी, व्हिसावाल्यांची, वेगळी. मुलगी तिकडून ओरडली, "मॉम, यू आर इन द राँग लाइन." तिच्या बापाने तिला हळूच गप्प केलं. काकांनी शिकवलेलं सगळं खरं निघालं. दुकानात मी आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे आणि बाया तोंडभर हसायच्या. मैत्रीण दोनदा जवळ येऊन बसली, 'अगं, मला वाटलं त्यानेच सांगितलं असेल,' म्हणाली. मी तिला क्रीमची बाटली दिली आणि पाठीला लाव म्हटलं. झेंड्यांची घरंही पाहिली. एका अंगणातल्या म्हातारीने मला विचारलं, तुम्ही इंडियातून आलात का? नवरा माझ्या आधी म्हणाला, "नो, मिनेसोटा."

परत येताना पुन्हा दोन रांगा. त्याचा नंबर आधी लागला. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि म्हणाला, "वेलकम होम." माझा नवरा लगेच "थँक यू" म्हणाला. आठवडाभर माझ्याशी बोलताना तो चाचरत होता. ते थँक यू मात्र चाचरलं नाही.

कचऱ्याची गाडी येण्याच्या दिवशी सकाळी मी बेसमेंटमधले खोके बाहेर काढायला घेतले. टीव्हीचा मोठा खोका जिन्यात अडकला, त्या आवाजाने तो वरच्या स्वयंपाकघरातून खाली आला. मी थांबले. काय म्हणतो ते बघायला थांबले, हे कबूल करते. त्याने खोक्याची दुसरी बाजू धरली, तिरका करून जिन्यातून सोडवला आणि रस्त्याच्या कडेपर्यंत नेऊन ठेवला. मग उरलेले स्वतःच आणले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकात एक नीट बसवले आणि हात झटकून आत ऑफिसची तयारी करायला गेला.

एकदा जरी 'राहू दे, लागतील' म्हणाला असता, तर मी सगळे परत आत नेले असते.