मापणाऱ्याचं माप

"लाभ! दोन! तीन!" रोज सकाळी केंद्राच्या दारात उभे राहून मामा येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचे. धान्य मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मामा परतूरच्या बाजारात मापाडी होते. मग नसलेले आवाज कानात येऊ लागले, काम सुटलं, आणि ते जालन्यातल्या भावाकडे राहायला आले.

जुन्या जालन्यातल्या आमच्या केंद्रात मानसिक आजाराची माणसं दिवसभर येतात, जेवतात, कॅरम खेळतात, संध्याकाळी घरी जातात. मी तिथं कागदी पिशव्या शिकवतो. मामांनी 'लाभ' म्हटलं की चार गल्ल्यांतल्या दुकानांची शटरं आपोआप वर जात. खोटं वाटलं तर निम्मं सोडा. उरलेलं निम्मं बराबर खरं आहे.

पण मोजणीत रोज एक कमी.

"मामा, हजेरीत तीस, तुमचे एकोणतीस. एक माणूस गिळला का?"

"मापणारा मापात येत न्हाई, मास्तर."

पुतणीचं लग्न ठरलं. मामांनी तिला खांद्यावर खेळवलेली. दोन महिने एक गोळी चुकवली नाही. नव्या शर्टाला इतकी इस्त्री केली की त्यातून पलीकडचा पेपर वाचता यावा. "मांडवात पंगत मी मोजणार," म्हणायचे.

लग्नाच्या दिवशी मामा तोच शर्ट घालून केंद्राच्या दारात.

"भाऊ म्हणला, पाहुण्यांत काही बोलून बसलास तर? आज केंद्रातच थांब."

मोजायला हात वर केला, पण 'लाभ' काही फुटेना. बारा महिने थापा मारणारा मी, मला एक थाप सुचली नाही. मी त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून ओरडलो, "लाभ!"

"मास्तर, चुकून राह्यले तुम्ही. मापणारा..."

"दोन!" केंद्रात येणाऱ्या, दिवसात चारच शब्द बोलणाऱ्या काकूंनी त्यातला एक खर्च केला. मागून कुणीतरी "तीन!" आणि मोजणी पार तीसवर गेली.

"आज बराबर भरलं," मामा म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन मामा गेले. आता दारात काकू मोजतात, स्वतःलाही धरून. परवा केंद्रातल्या नव्या ताईंनी विचारलं, "काकू, हजेरीत एकोणतीस, तुमचे तीस कसे?"

"बराबर हाय," काकू म्हणाल्या.

सकाळी त्या रिकाम्या दारात क्षणभर थांबतात. मग पहिल्या येणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "दोन."