रामनवमीच्या आधीचं नागपूर

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून नागपूरची गाडी धरली. दिवस निवडून काढला होता. होळीला गावी गेलेली माणसं परतलेली, मुलांच्या परीक्षा चालू, रामनवमी अजून लांब. नागपुरात रामनवमीची शोभायात्रा निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पुढे भीमजयंतीची गर्दी, आणि मग तिथलं ऊन. वसंतात नागपूर पाहायचं तर एवढीच फट मिळते. सणासुदीला उंबरा ओलांडू नये, ही आमच्या वडिलांची शिकवण मी आयुष्यभर पाळली. डबा निम्मा रिकामा पाहून मी मनात खूश झालो.

मित्रांना सांगितलं होतं, संत्री खायला चाललोय. खरं कारण वेगळं होतं. माझी थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन नागपूरला गेली, ती तिथलीच झाली. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि आम्ही दोघंही आता अशा वयात आहोत की पुढच्या वर्षीवर ढकलण्यात अर्थ नाही.

गोष्ट अशी. वडील होळीच्या सुमारास गेले. आई म्हणाली, "मनू, सुमीला तार कर." मी तारघरात गेलो. सणामुळे रांग रस्त्यापर्यंत आलेली. रांगेत उभ्या उभ्या मी विचार केला, गाड्या भरलेल्या असणार, ताईच्या कडेवर तान्हं पोर, ती पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. त्यापेक्षा सावकाश पत्र टाकू. मी रांग सोडली. घरी आईने विचारलं, "केलीस तार?" मी म्हणालो, "केली." पत्र टाकलं ते दिवसकार्य उरकल्यावर. ताई धावत आली तेव्हा आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ताई तशीच परत गेली. मी दारात उभा होतो, गप्प. पुढे आई गेली ती हाच सल मनात घेऊन. परवा एका लग्नात पुतण्या सहज बोलून गेला, "नागपूरची आत्या ना? ती तर बापाच्या तेराव्यालाही आली नाही." मी समोर बसून मठ्ठा पीत होतो.

सकाळी नागपूरला उतरलो. स्टेशनाबाहेर झळ जाणवत होती, पण रस्ते मोकळे. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "बरी शांतता आहे तुमच्या शहरात."

"दोन दिवस थांबा ना जी," तो म्हणाला. "आता तं मंडप टाकून राहिले लोकं. मंग पाहजा."

टाकून राहिले म्हणजे टाकून झाले, असं मी समजलो आणि वाटभर मंडप शोधत गेलो. दिसले फक्त बांबूंचे ढीग आणि शिडीवर चढून भगव्या पताका बांधणारे लोक. नागपूरकर जरा फुगवून सांगतात, एवढीच नोंद मी मनात केली.

सीताबर्डीजवळ एका ठेल्यावर तर्री-पोहे घेतले. तर्री (चण्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा) पहिल्या घासालाच नाकात गेली. उचकी थांबेना. ठेलेवाल्याने पाणी पुढे केलं. "कुठचे हो, काका?"

"मिरजेचा."

"मिरजेची मिरची गोड राह्यते काय जी?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग दुपारभर लॉजच्या खोलीत पडून राहिलो आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर बसलो. तळ्यावर वारा छान होता. खरं सांगायचं तर मी प्रताप नगरला ताईच्या घरी जाणं टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने सुभाषनगरला उतरलो आणि विचारत विचारत प्रताप नगरात पोचलो. निंबाच्या मोहराचा वास सगळ्या गल्लीत होता. ताईचं घर सापडलं आणि मी फाटकातच थबकलो. दारात चपलांचा ढीग. खाट बाहेर काढून भिंतीला उभी केलेली, शेजारी गुंडाळलेली गादी. चार-सहा बाया पायरीपाशी उभ्या, आणि त्यातली एक पदराने डोळे पुसत होती.

मी तिलाच विचारलं, "सुमनताई इथेच राहतात ना?"

"सुमनमावशी? त्या तं जाऊन राहिल्या ना जी!"

"कधी?"

"हे काय, आत्ताच. चाहा घेतला, देवाले हात जोडले, म्हणल्या, झालं माहं इथलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. एक दिवस आधी, काल सकाळी मी याच शहरात होतो. पोहे खात होतो, तळ्यावर वारा खात होतो. त्या अनोळखी बायांसमोर मला रडू फुटलं आणि तोंडातून शब्द कसे निघाले ते कळलं नाही. "मी तिचा भाऊ. तिला सांगायचं राहून गेलं. बाबा गेले तेव्हा तार मी केलीच नव्हती. आई सांगत होती, मी केली नाही. तिचा काही दोष नव्हता."

"कोणती तार गा?"

आवाज माझ्या पाठीमागून, जिन्यावरून आला. मी वळलो. पांढऱ्याशुभ्र केसांची ताई इस्त्रीची साडी नेसून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन उभी होती.

"ताई? ही बाई म्हणाली, तू गेलीस."

शेजारीण हादरली. "अवं माय! मी काहून असं म्हणन? जाऊन राहिल्या म्हणली मी! पारशिवनीले, पोराकडे राहाले जाऊन राहिल्या!"

(नागपूरकडे "जाऊन राहिल्या" म्हणजे "जात आहेत". आमच्या मिरजेच्या कानाला ते कळत नाही.) घर रिकामं होत होतं, म्हणून खाट बाहेर होती. मागून एक बाई फिसकन हसली, "बुढा तं जित्या बाईले रडून राहिला वं!" आणि सगळ्याच हसायला लागल्या.

ताई हसली नाही. खालच्या पायरीपर्यंत आली. "मनू, तार म्हणून राहिला होता तू."

मी पुन्हा सांगितलं, या वेळी तिच्याकडे पाहून. रांग, सणाची गर्दी, "केली" म्हणून आईला दिलेलं उत्तर. बायांचं हसणं थांबलं होतं.

"म्हणजे आईनं तुले पाठवलं होतं? मले बोलवाले?"

"हो."

"मले वाटे, तिनंच मना केलं असन. मी आपल्या मनानं लगन केलं म्हणून." ती थांबली. "तिनं वाट पाहली माही?"

"तेराव्यापर्यंत. दाराकडे तोंड करून बसायची."

ताईने उभ्या खाटेचा पाय धरला. मी समजत होतो, माझ्या खोटेपणामुळे आईने लेकीला दोष दिला. लेकीनेही इतकी वर्षं आईला दोष दिला होता, हे मला त्या क्षणी कळलं. एका शब्दात मी दोघींना एकमेकींपासून तोडलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. तान्हेपणी जो ताईच्या कडेवर होता तो राजू, आता टक्कल पडलेला, गाडीतून डोकावला. "आई, चाल ना! एकडाव बॅरिकेड लागले का निघताच नाही येनार. गर्दीच्या आधी निघू म्हनून तूच तं आजचा दिस काढला."

ताईनेही तीच फट शोधली होती. वडिलांची शिकवण दोघांना सारखीच मिळालेली.

"बस गाडीत," ती मला म्हणाली.

कामठी मागे पडली. कन्हानच्या पुलाखाली नदी बारीक झाली होती, वाळूतून दोन-तीन धारा वाहत होत्या. कोळशाचे ट्रक जात होते, त्यांची काळी धूळ काचेवर बसत होती. पलीकडे चहाला थांबलो. ताईने चहा संपवून कप खाली ठेवला.

"रामनवमीले सारे जमतात अजून, मोठ्या काकाच्या घरी?"

"जमतात. मी जात नाही. फार गर्दी असते."

"यंदा जा. भर पंगतीत सांग. माह्या कानात सांगून काय उपयोग गा? मी काय नाही केलं, ते मले तं माहीतच हाय."

पारशिवनीला राजूच्या मळ्याशेजारी मोहाची झाडं आहेत. खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि बाया ती टोपल्यांत वेचत होत्या. वासाने डोकं जड होतं. रात्री ताईने मला भाकरी, वांग्याची भाजी वाढली, सांबार (कोथिंबीर) वरून जास्त घातलं. सकाळी निघताना मात्र पुन्हा ये म्हणाली नाही. राजूने ताईचा फोन नंबर कागदावर लिहून दिला, बसस्टँडपर्यंत सोडलं.

सणाच्या गर्दीत प्रवास नको म्हणून माझं परतीचं आरक्षण रामनवमीनंतरचं होतं. ते सोडून दिलं आणि साध्या डब्यात चढलो. अख्खा प्रवास अंग चोरून, कोणाच्या तरी ट्रंकेवर टेकून झाला. उंबरा ओलांडू नये असा तो दिवस होता, आणि तसाच प्रवास मला करायला हवा होता.

काकांच्या घरी जन्मसोहळा झाला, सुंठवडा वाटला, पानं मांडली. वरण वाढत असताना मी उभा राहिलो आणि सांगितलं. वाढणाऱ्याचा हात थांबला. कोणी मला बस म्हणालं नाही, कोणी सावरून घेतलं नाही. पुतण्याने मान खाली घातली. मग काकू, आमच्यात आता सर्वांत मोठ्या त्याच, म्हणाल्या, "सुमीचा फोन नंबर कोणाकडे आहे?"

एवढ्या भरल्या घरात तो कोणाकडेच नव्हता. मी खिशातला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. पंगतीत ठिकठिकाणी डावे हात फोनवर चालू लागले.

संध्याकाळी घरी येऊन मी ताईला फोन लावला. पुन्हा लावला. अंधार पडेपर्यंत लावत होतो. लाइन सारखी व्यस्त लागत होती.